हल्स–टेलर जोडतारा घरच्या संगणकावर: केप्लरपासून गुरुत्वीय लहरींपर्यंत

१९७४च्या उन्हाळ्यात रसेल हल्स हा संशोधक विद्यार्थी पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीवर नवे स्पंदक, म्हणजे ठराविक अंतराने रेडिओ स्पंदनं पाठवणारे फिरते न्यूट्रॉन तारे, शोधत होता. गरुड तारकासमूहातल्या एका स्पंदकाने त्याला कोड्यात टाकलं. त्याची स्पंदनं सुमारे ५९ मिलिसेकंदांच्या अंतराने येत, पण आजचं अंतर आणि उद्याचं अंतर जुळत नसे. फरक ८० मायक्रोसेकंदांपर्यंत जाई. इतर स्पंदकांच्या मानाने हे फारच मोठं भरकटणं होतं. उलगडा झाला तो असा: हा तारा दुसऱ्या एका ताऱ्याभोवती पावणेआठ तासांत एक फेरी मारतो, आपल्याकडे येताना त्याची स्पंदनं दाटतात आणि दूर जाताना विरळ होतात. हल्स आणि त्याचे मार्गदर्शक जोसेफ टेलर यांना १९९३ साली याच शोधासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. जोडताऱ्याचं नाव बी१९१३+१६.

या जोडीची कक्षा तुम्ही स्वतः गणिताने उभी करू शकता. बी.एस्सी.पर्यंतचं यांत्रिकी, थोडं पायथन आणि एक वही एवढं पुरतं. सामान्य सापेक्षतेचं टेन्सर गणित शिकेपर्यंत थांबायची गरज नाही. फक्त एक शिस्त पाळा. प्रत्येक पायरीच्या शेवटी एक आकडा हाती आला पाहिजे आणि तो प्रत्यक्ष निरीक्षणाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही. या विषयात चुकीचा प्रोग्रॅमही सुंदर, फिरत जाणारी लंबवर्तुळं काढून दाखवतो. चित्र सुंदर आहे म्हणून गणित बरोबर आहे असं मानू नका.

आधी ठरवायचं ते काय वगळायचं

दोन्ही न्यूट्रॉन तारे आहेत. प्रत्येकाची त्रिज्या दहा-बारा किलोमीटर आणि वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट. ते एकमेकांच्या अगदी जवळ येतात तेव्हाही त्यांच्यात साडेसात लाख किलोमीटर अंतर असतं. म्हणजे सूर्याच्या त्रिज्येहून थोडंच जास्त, पण ताऱ्याच्या स्वतःच्या आकाराच्या साठ-सत्तर हजार पट. त्यामुळे भरती-ओहोटीचे ताण, ताऱ्याच्या पोटातलं द्रव्य, त्याचा आकार हे सगळं निर्धास्तपणे बाजूला ठेवता येतं. दोन बिंदू, दोन वस्तुमानं. सामान्य ताऱ्यांच्या जोडीत ही चैन परवडत नाही. म्हणूनच सापेक्षतेची परीक्षा घ्यायला ही जोडी इतकी चोख आहे.

दुसरा प्रश्न आइन्स्टाइनची समीकरणं पूर्ण सोडवायची का, हा. नाही. या कक्षेतला सरासरी सापेक्ष वेग प्रकाशवेगाच्या सुमारे सातशेव्या भागाइतका आहे. त्याचा वर्ग घेतला की २.१४ × १०^(−६) येतो. (या लेखात ^ ही खूण घातासाठी आहे.) ज्या दुरुस्त्या करायच्या त्या या इवल्याशा आकड्याच्या चढत्या घातांत मांडता येतात. यालाच न्यूटनोत्तर पद्धत म्हणतात. पहिला घात म्हणजे पहिली न्यूटनोत्तर पायरी, आणि गुरुत्वीय लहरींतून होणाऱ्या ऊर्जा गळतीचा परिणाम अडीचाव्या पायरीवर येतो. तो 'अडीच' लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एकके: सगळं सेकंदांत

किलोग्रॅम आणि मीटर सोडून द्या. गुरुत्व स्थिरांक वेगळा आणि सूर्याचं वस्तुमान वेगळं घेतलं, तर चौथ्या-पाचव्या अंकापाशीच अचूकता संपते, कारण तो स्थिरांक प्रयोगशाळेत तेवढाच मोजता आला आहे. दोघांचा गुणाकार मात्र ग्रहांच्या गतीवरून फार अचूक माहीत आहे. त्याला प्रकाशवेगाच्या घनाने भागलं की सूर्याचं वस्तुमान चक्क वेळेत मिळतं: ४.९२५४९ मायक्रोसेकंद. अंतरं प्रकाश-सेकंदांत मोजा, वेग प्रकाशवेगाच्या भागात. मग प्रकाशवेग १ होतो आणि निम्म्या चुका जन्मालाच येत नाहीत.

चिन्हं अशी ठेवू. परिभ्रमणकाल प, उत्केंद्रता उ, अर्ध-दीर्घ अक्ष अ. स्पंदकाचं वस्तुमान म१, जोडीदाराचं म२, दोघांची बेरीज म, सगळी सेकंदांत. सरासरी कोनीय वेग न = २ × पाय ÷ प (पाय म्हणजे π).

निरीक्षणातून मिळालेले आकडे हे:

परिभ्रमणकाल २७९०६.९८ सेकंद
उत्केंद्रता ०.६१७१३४
स्पंदकाच्या कक्षेचा आपल्या दृष्टिरेषेवरचा प्रक्षेप २.३४१७७६ प्रकाश-सेकंद
निकटबिंदूची (दोघे सर्वांत जवळ येतात त्या जागेची) सरक वर्षाला ४.२२६५८५ अंश
कालविलंबाचा गुणांक ४.३०७ मिलिसेकंद
परिभ्रमणकाल घटण्याचा दर २.४२३ × १०^(−१२) सेकंद दर सेकंदाला

पहिले तीन केप्लरचे, पुढचे तीन आइन्स्टाइनचे.

पायरी १: केप्लरची कक्षा

वेळ दिली असता तारा कुठे आहे हे काढायला केप्लरचं समीकरण लागतं: सरासरी कोन = ख − उ × साइन ख. इथला ख म्हणजे उत्केंद्री कोन. तो सरळ सूत्राने सुटत नाही, न्यूटनच्या पुनरावृत्तीने सोडवावा लागतो. सुरुवात ख = सरासरी कोन + उ × साइन(सरासरी कोन) अशी केली, तर या उत्केंद्रतेला चार-पाच फेऱ्या पुरतात. फेऱ्यांची संख्या आधीच ठरवून टाकू नका. फरक १०^(−१४) खाली जाईपर्यंत चालू द्या.

पडताळा लगेच घ्या. दृष्टिरेषेवरच्या वेगाचा निम्मा झोका म्हणजे न × प्रक्षेप ÷ (१ − उ^२)चं वर्गमूळ. आकडे घाला: ६.७ × १०^(−४), म्हणजे सेकंदाला २०१ किलोमीटर. याने ५९ मिलिसेकंदांना गुणलं की झोका दोन्ही बाजूंना साधारण ३९.५ मायक्रोसेकंदांचा, एकूण ७९. हल्सला पेचात टाकणारे ८० मायक्रोसेकंद ते हेच. स्वतःच्या संगणकावर हा आकडा उमटलेला पाहिला की पुढे जायचा हुरूप येतो.

इथे एक सूचना. हा २.३४ प्रकाश-सेकंदांचा आकडा म्हणजे कक्षेचा आकार नव्हे. तो एकट्या स्पंदकाच्या कक्षेचा, तोही तिरप्या कोनातून दिसणारा भाग आहे. सूत्रांत 'अ'च्या जागी तो टाकला की पुढचं सगळं बिघडतं. खरा 'अ' काढायला एकूण वस्तुमान लागतं आणि ते केप्लर देत नाही.

पायरी २: फिरत्या लंबवर्तुळावरून वजन

न्यूटनच्या जगात लंबवर्तुळ जागच्या जागी राहतं. सापेक्षतेत ते स्वतः हळूहळू फिरतं. एका फेरीत ते पूर्ण वर्तुळाचा जेवढा भाग सरकतं तो असा:

सरक = ३ × (म × न)^(२/३) ÷ (१ − उ^२)

गंमत अशी की यात वस्तुमानांची फक्त बेरीज येते. सरक मोजलेली आहे, न आणि उ माहीत आहेत, तेव्हा सूत्र उलटं फिरवून म काढा. वर्षाच्या अंशांवरून फेरीच्या भागाकडे येताना वर्ष ३६५.२५ दिवसांचं घ्या. म्हणजे वर्षाला ११३०.८१ फेऱ्या होतात. उत्तर: सूर्याच्या २.८२८४ पट.

सरकीचा आवाका कळायला बुधाशी तुलना करा. बुधाच्या कक्षेची सापेक्षतेमुळे होणारी सरक शतकाला ४३ विकला आहे (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). या जोडीची सरक एका दिवसात सुमारे ४२ विकला भरते. बुध शंभर वर्षांत जेवढं दाखवतो, ते ही जोडी जवळजवळ एका दिवसात उरकते.

एकूण वस्तुमान मिळालं की अ = (म ÷ न^२)^(१/३). याची किंमत ६.५०१५ प्रकाश-सेकंद, म्हणजे साडेएकोणीस लाख किलोमीटर. निकटबिंदूला अंतर ७.४६ लाख किलोमीटर, दूरबिंदूला ३१.५ लाख.

पायरी ३: दोघांची वजनं वेगळी

निकटबिंदूजवळ स्पंदकाचं घड्याळ दोन कारणांनी मंदावतं. तो वेगाने धावत असतो आणि जोडीदाराच्या गुरुत्वाच्या खोल भागात असतो. दूरबिंदूकडे घड्याळ पुन्हा सावरतं. या चढउताराचा मोजलेला गुणांक ४.३०७ मिलिसेकंद, आणि सूत्र असं:

गुणांक = (उ ÷ न) × (म × न)^(२/३) × म२ × (म१ + २ × म२) ÷ म^२

शेवटचा अपूर्णांक सोडून बाकीचा गुणाकार ५.८७३ मिलिसेकंद येतो. म्हणजे अपूर्णांकाची किंमत ०.७३३३. म१च्या जागी म − म२ लिहा, साधं वर्गसमीकरण उरतं. ते सोडवलं की म२ = १.३९ आणि म१ = १.४४ सूर्यवस्तुमानं.

आता कागदावर एक मोफत पडताळाही होतो. स्पंदकाच्या कक्षेचा खरा अर्ध-अक्ष अ × म२ ÷ म = ३.१९५ प्रकाश-सेकंद. दिसणारा प्रक्षेप २.३४२. भागाकार ०.७३३, म्हणजे कक्षेचा कल साधारण ४७ अंश (किंवा त्याचा पूरक १३३). भागाकार एकाहून मोठा आला असता, तर कुठेतरी चूक आहे हे नक्की.

दोन मापांतून दोन अज्ञातं काढली. इथपर्यंत सापेक्षतेची परीक्षा झालेलीच नाही, कारण दोन सूत्रांतून दोन आकडे नेहमीच निघतात. परीक्षा तिसऱ्या मापावर होते. तिथे जायच्या आधी समीकरणं प्रत्यक्ष चालवून पाहू.

पायरी ४: समीकरणं प्रत्यक्ष चालवणं

माझ्या मते या सगळ्यात शिकण्यासारखं सर्वांत जास्त इथेच आहे. सूत्रात आकडे घालून वर्षाला ४.२३ अंश मिळवणं वेगळं आणि दोन बिंदूंना मोकळं सोडून ते स्वतःहून तेवढेच सरकताना पाहणं वेगळं.

पहिल्या न्यूटनोत्तर पायरीची गतीची समीकरणं आइन्स्टाइन, इन्फेल्ड आणि हॉफमन यांनी १९३८ साली मांडली. सापेक्ष गतीसाठी ती अशी लिहिता येतात. र म्हणजे दोघांमधलं अंतर, व म्हणजे सापेक्ष वेग, त म्हणजे अंतर बदलण्याचा दर, ध म्हणजे म१ × म२ ÷ म^२ (आपल्या जोडीसाठी ०.२४९९३).

त्वरण = −(म ÷ र^२) × [(१ + आ) × दिशा + ब × वेग]
आ = (१ + ३ध) × व^२ − २ × (२ + ध) × म ÷ र − (३/२) × ध × त^२
ब = −२ × (२ − ध) × त

'दिशा' म्हणजे जोडीदाराकडून स्पंदकाकडे जाणारा एकक सदिश. आ आणि ब शून्य केले की न्यूटन उरतो. ही गोष्ट प्रोग्रॅममध्ये एका चालू-बंद खुणेने ठेवाच, का ते लगेच सांगतो.

सुरुवात निकटबिंदूपासून करा. र = अ × (१ − उ) = २.४८९२ प्रकाश-सेकंद. वेग त्याला काटकोनात, किंमत न × अ × ((१ + उ) ÷ (१ − उ))चं वर्गमूळ = ३.००८ × १०^(−३), म्हणजे सेकंदाला सुमारे ९०० किलोमीटर. सुरुवातीची ही मांडणी न्यूटनची आहे, त्यामुळे प्रत्यक्ष निघणारा परिभ्रमणकाल आणि उत्केंद्रता दहा हजारांत एखाद्या भागाच्या पातळीवर वेगळी येईल. आपल्या कामाला एवढा फरक चालतो.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पाठ्यपुस्तकातली चौथ्या कोटीची रुंगे–कुट्टा पद्धत ठराविक पावलाने वापरली. लंबवर्तुळ फिरलं. मला आनंद झाला. मग पाऊल निम्मं केलं, तर फिरण्याचा वेग बदलला. म्हणजे मी पाहत होतो ती सापेक्षता नव्हती, ती माझ्या पद्धतीची चूक होती, आणि ती नेमकी सापेक्षतेच्याच वेषात आली होती. कारण साधं आहे. निकटबिंदूला कोनीय वेग दूरबिंदूच्या जवळपास १८ पट असतो. एकच पाऊल दोन्हीकडे वापरलं की निकटबिंदूपाशी ते फार लांब पडतं आणि साचणारी चूक लंबवर्तुळालाच वळवते. म्हणून ही तपासणी दर वेळी करा: आ आणि ब शून्य करून तोच प्रोग्रॅम तेवढ्याच फेऱ्या चालवा. लंबवर्तुळ जागचं हलता कामा नये. जे काही हलेल ती तुमची चूक, आणि ती एका फेरीला १३.४६ विकलांच्या हजाराव्या भागाहूनही कमी असली पाहिजे. १३.४६ विकला ही खरी, सापेक्षतेची सरक.

पद्धत म्हणून पावलं आपोआप लहान-मोठी करणारी आठव्या कोटीची रुंगे–कुट्टा घ्या. सायपाय या पायथनच्या गणिती संचात ती 'डीओपी८५३' या नावाने मिळते. सापेक्ष सहनमर्यादा १०^(−१२) किंवा त्याखाली ठेवा आणि निरपेक्ष सहनमर्यादाही तितकीच कडक करा. ती विसरली की आपले वेग हजारांशात असल्यामुळे अचूकता गुपचूप ढासळते.

सरक मोजायची कशी? निकटबिंदू म्हणजे त ऋणाचा धन होतो तो क्षण. सायपायमध्ये 'घटना' ओळखायची सोय आहे, तिने तो क्षण पकडा आणि त्या वेळचा कोन नोंदवा. काही जण दर क्षणाला त्या क्षणापुरतं केप्लरचं लंबवर्तुळ बसवून त्याच्या अक्षाचा कोन काढतात. तो एका फेरीच्या आतच खालीवर डुलतो, त्यामुळे फेरीतल्या दोन वेगळ्या जागांची तुलना केली की फसगत होते. तुलना नेहमी त्याच जागेची करा, निकटबिंदूची निकटबिंदूशी. शंभर फेऱ्यांचा कोन काढून शंभराने भागा. १३.४६ विकला मिळाले पाहिजेत.

दुसरा पडताळा ऊर्जेचा. इथे न्यूटनची ऊर्जा टिकत नाही, ही टिकते:

व^२ ÷ २ − म ÷ र + (३/८)(१ − ३ध) × व^४ + (म ÷ २र) × [(३ + ध) × व^२ + ध × त^२ + म ÷ र]

पहिल्या पायरीची समीकरणं स्वतःच अंदाजी असल्याने हीसुद्धा अगदी काटेकोर टिकणार नाही, एका फेरीत किंचित डुलेल. पण एका दिशेने वाहत जाता कामा नये. वाहत गेली तर प्रथम चिन्हं तपासा. ब मधल्या ऋण चिन्हावर बहुतेक वेळा घसरायला होतं.

आणि तिसरा, मला सर्वांत आवडणारा पडताळा: ध शून्य करा, वस्तुमान एक सूर्य, परिभ्रमणकाल ८७.९६९ दिवस, उत्केंद्रता ०.२०५६. आता तुमच्या प्रोग्रॅममध्ये बुध फिरतो आहे. शतकाला ४१५ फेऱ्या, आणि उत्तर ४३ विकला.

पायरी ५: ऊर्जा गळते तेव्हा

आता परीक्षा. फिरणारी जोडी गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा घालवते, कक्षा आवळत जाते, परिभ्रमणकाल घटतो. अडीचावी पायरी ती हीच. मोह होतो तो तिच्या समीकरणाचं पद पायरी ४ मध्ये जोडून चालवायचा. या जोडीसाठी तसं करू नका. एका फेरीत परिभ्रमणकाल घटतो तो एक लाख कोटी भागांत दोन-तीन भागांनी, आणि संगणकाची नेहमीची दुहेरी अचूकता साधारण सोळा अंकांची. परिणाम आणि गोळाबेरजेची चूक एकमेकांना खेटून उभे राहतात. इथे एका फेरीची सरासरी घेतलेलं सूत्रच योग्य. ते पीटर्स आणि मॅथ्यूज यांनी १९६३ साली दिलं:

घट = (१९२ × पाय ÷ ५) × (म × न)^(५/३) × ध × फ
फ = [१ + (७३/२४) × उ^२ + (३७/९६) × उ^४] ÷ (१ − उ^२)^(७/२)

आकडे एकेक काढा. (म × न)^(५/३) = ६.७२ × १०^(−१५). ध = ०.२४९९३. फ = ११.८६. हा फ विसरलात तर उत्तर बारा पट लहान येईल. उत्केंद्री कक्षेत बहुतेक ऊर्जा निकटबिंदूजवळच्या थोड्या वेळात जाते, तिथेच त्वरण प्रचंड असतं. सगळं गुणून घट २.४०३ × १०^(−१२) येते, म्हणजे परिभ्रमणकाल वर्षाला सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी कमी.

मोजलेली घट २.४२३ × १०^(−१२). फरक एक टक्क्याच्या आसपास, पण मापाची अचूकता त्याहून बरीच चांगली आहे. मग आइन्स्टाइन चुकला का? उत्तर आपल्या आकाशगंगेत आहे. सूर्य आणि ती जोडी, दोघेही आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतात आणि त्यांची त्वरणं वेगवेगळी आहेत. त्यामुळे आपल्याला दिसणारा परिभ्रमणकाल किंचित बदलल्यासारखा भासतो. शिवाय जोडी आकाशात आडवीही सरकते, त्याचाही वाटा आहे. दामूर आणि टेलर यांनी १९९१ साली हा हिशेब मांडला. सुमारे ०.०२५ × १०^(−१२) एवढा हा भाग वजा केला की २.३९८ उरतात. वाइसबर्ग आणि ह्वांग यांच्या २०१६च्या विश्लेषणात निरीक्षण आणि सिद्धांत यांचं गुणोत्तर ०.९९८३ आलं, अनिश्चितता ०.००१६. तिसऱ्या मापाने दिलेला कौल तो हा, आणि वस्तुमानं आधीच पक्की झालेली असल्यामुळे त्यात कुठलाही आकडा हवा तसा वळवायला जागा नव्हती.

या घटीचा वर्षानुवर्षांचा आलेख पॅराबोला असतो, तो स्वतः काढा. काल एकसारखा घटत गेला तर निकटबिंदूची वेळ ½ × (घट ÷ प) × वेळ^२ इतकी अलीकडे येते. एका वर्षात ०.०४ सेकंद, तीस वर्षांत ३९ सेकंद. दरसाल ७६ मायक्रोसेकंदांच्या बदलाचे तीस वर्षांत ३९ सेकंद होतात, कारण इथे वेळेचा वर्ग साचतो. हे तंत्र इतकं ताकदवान असण्याचं कारण तेच.

खऱ्या स्पंदनांच्या वेळांवर काम करायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली: दिवसांची मोठी संख्या आणि सेकंदाचा भाग एकाच दुहेरी अचूकतेच्या संख्येत कोंबू नका. ५५ हजारांच्या घरातला दिवस-क्रमांक तसा ठेवला तर ०.६ मायक्रोसेकंदांहून बारीक वेळ त्यात मावतच नाही. पूर्ण दिवस आणि उरलेले सेकंद वेगळे ठेवा. दुसरी: निकटबिंदूचा कोन वेळेबरोबर सरळ रेषेत वाढवू नका. सरक निकटबिंदूजवळ झपाट्याने होते आणि दूरबिंदूकडे रेंगाळते, म्हणून ती ताऱ्याच्या खऱ्या कोनाच्या प्रमाणात वाढवायची. दामूर आणि देर्युएल यांनी ऐंशीच्या दशकात दिलेल्या मांडणीत हे नीट बसवलेलं आहे.

पायरी ६: शेवटापर्यंत

कक्षा दरवर्षी साडेतीन मीटरने आवळते आहे. शेवट कधी? पीटर्सची १९६४ची दोन समीकरणं जोडीने चालवा:

अ बदलण्याचा दर = −(६४/५) × ध × म^३ × फ ÷ अ^३
उ बदलण्याचा दर = −(३०४/१५) × उ × ध × म^३ × [१ + (१२१/३०४) × उ^२] ÷ [अ^४ × (१ − उ^२)^(५/२)]

वेळेची समान पावलं इथे निरुपयोगी. पहिली पंचवीस कोटी वर्षं काहीच घडत नाही आणि मग सगळं एकदम घडतं. वेळेऐवजी उत्केंद्रतेला किंवा अ च्या लॉगरिदमला स्वतंत्र चल धरा. उत्तर सुमारे ३० कोटी वर्षं. कक्षा वर्तुळाकार असती तर हीच जोडी १६० कोटींहून जास्त वर्षं टिकली असती.

कक्षा आवळताना गोलही होत जाते. दोघांमधलं अंतर सव्वासातशे किलोमीटर उरेल आणि लहरींची वारंवारता १० हर्ट्झवर पोहोचेल, तेव्हा उत्केंद्रता ५ × १०^(−६) एवढीच असेल. तिथून विलीन व्हायला सोळा-सतरा मिनिटं, आणि तेवढ्या वेळात लहरींची सुमारे सोळा हजार आवर्तनं. ही आवर्तनं गोंगाटातून ओळखायची तर त्यांची गणिताने काढलेली प्रतिकृती शेवटपर्यंत निम्म्या आवर्तनानेही चुकून चालत नाही. म्हणून इथे पहिली पायरी पुरत नाही, त्यापुढच्या न्यूटनोत्तर पायऱ्या लागतात.

या कामात आपल्याकडच्या माणसांचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली अशा लहरी शोधण्यासाठी नमुना-जुळणीचे साचे कसे निवडावेत यावर पायाभूत काम केलं, तेही पहिली लहर सापडण्याच्या चोवीस वर्षं आधी. दुसऱ्या न्यूटनोत्तर पायरीपर्यंतचा लहरींचा हिशेब १९९५ साली पुरा झाला. तो करणाऱ्या पाच जणांत बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचे बाला अय्यर होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया वेधशाळा असेच साचे वापरून आकाश ऐकेल. अगदी शेवटच्या काही फेऱ्यांना मात्र घातांची मांडणी पुरत नाही, तिथे आइन्स्टाइनची समीकरणं महासंगणकावर पूर्ण सोडवावी लागतात.

तोच प्रोग्रॅम, वेगळे आकडे

तुमचा प्रोग्रॅम एकाच जोडीवर जुळवलेला नाही ना, हे पाहायला आणखी दोन जोड्या घाला. २००३ साली सापडलेला दुहेरी स्पंदक जे०७३७−३०३९: काल ८८३४.५ सेकंद, उत्केंद्रता ०.०८७८, एकूण वस्तुमान २.५८७. सरक वर्षाला १६.९ अंश आली पाहिजे.

दुसरी जोडी नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीची, म्हणजे जीएमआरटीची. एनजीसी १८५१ या तारकागुच्छातली ही जोडी, जे०५१४−४००२ए, २००४ साली जाहीर झाली. जीएमआरटीने शोधलेला हा पहिला स्पंदक. काल १८.७८५ दिवस, उत्केंद्रता ०.८८८. एकूण वस्तुमान २.४५ घाला, सरक वर्षाला सुमारे ०.०१२९ अंश यायला हवी. मग फ काढून पाहा: तो साधारण ८४० येईल. आणि हीच कक्षा पायरी ४ च्या प्रोग्रॅममध्ये सोडा. कोनीय वेगाचं गुणोत्तर इथे १८ नसून पावणेतीनशेच्या पुढे आहे, तेव्हा सहनमर्यादा कुठपर्यंत खाली न्यावी लागते ते आ आणि ब शून्य ठेवून आधी तपासा.